सरकलेली खाच

आमचे हे सुतार. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, मी रागावले की मीसुद्धा. त्यांचा माणसांवर विश्वास बेताचाच, मापावर मात्र आंधळा.

कपाटांची चित्रं पूर्वी ते प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीनं काढायचे. गिऱ्हाइकाला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी मी कंप्युटरवर चित्रं काढायला शिकले. तेवढ्यात एका शाळेच्या वाचनालयाचं काम चालून आलं. जिन्याखालची तिरकी जागा, त्यात बावीस कप्पे, आणि चित्र पहिल्यांदाच पुरतं माझं, मिस्त्रींचा हात न लागलेलं. मुख्याध्यापिका बाई दुसऱ्या दिवशी अकराला ते बघायला येणार होत्या. पसंत पडलं तर काम आमचं, नाहीतर तयार कपाटं विकणाऱ्यांचं. आणि आमचा म्हातारा कंप्युटर चित्र उघडता उघडता निम्म्यात मान टाकत होता. आठवडाभर मी त्याच्या नावानं बोटं मोडत होते. चित्राची दुसरी प्रत काढून ठेवायचा शहाणपणा काही मला सुचला नव्हता.

दुपारी बिजागऱ्या घेऊन परतले, तर कंप्युटरचं झाकण उघडं. कामाच्या बाकावर, शिकंज्यात फडकं लावून, दोन बोटं रुंदीची एक हिरवी पट्टी आवळलेली. तिच्यावर पेन्सिलीची बारीक रेघ. मिस्त्रींच्या हातात कानस.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कंप्युटरला मेमरी कमी पडतेय, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मला न सांगता आणायची आणि खूश करायचं, असा बेत. त्यांनी आतली मेमरीची जुनी पट्टी काढून मोजली, एकशे तेहतीस मिलिमीटर. मग सवयीप्रमाणे वस्तू घरी ठेवली आणि नुसतं माप घेऊन दुकानात गेले. तिथे टेप लावून तेवढ्याच लांबीची पट्टी आणली, दुप्पट क्षमतेची. लांबी तंतोतंत जुळली, पण खालच्या कडेची खाच काही आतल्या उंचवट्यावर बसेना. थोडी बाजूला होती. मिस्त्रींचं निदान असं, की कारखान्यात कुण्या नवशिक्यानं ती चुकीच्या जागी पाडली, आता आपण जरा सरकवून घेतली की झालं.

मी जे बोलले त्यातलं निम्मं लिहिण्यासारखं नाही. शेवटी विचारलं, "मग अजून कापली का नाहीत?"

मिस्त्रींनी कानस खाली ठेवली. "रेघ मारली आणि हात धजेना. फळी चुकली तर दुसरी आणता येते. इथे तुझं चित्र आत आहे. म्हटलं, तू आलीस की तुला विचारूनच."

माझा राग तिथेच बसला. एकवीस वर्षांच्या संसारात या माणसानं कशालाही करवत लावण्याआधी मला विचारलं नव्हतं.

दोन्ही पट्ट्या घेऊन आम्ही दुकान गाठलं. दुकानदारानं त्या शेजारी शेजारी ठेवल्या. आमच्या मशीनला जुन्या पिढीची मेमरी लागते, ही तिच्या पुढची, असं त्यानं सांगितलं. लांबी सारखी, पण वीज वेगळी लागते. चुकूनही कुणी भलत्या मशीनमध्ये घालू नये, म्हणूनच खाच मुद्दाम सरकवलेली असते. कापून बसवली असती तर पट्टी तर गेलीच असती, वर मशीनचा मुख्य बोर्डही जळला असता. चित्र कदाचित वाचलं असतं, पण उद्याचे अकरा काही वाचले नसते. मिस्त्री कानकोंडे होऊन उभे होते. दुकानदार भला माणूस, त्यानं खोडरबरानं रेघ पुसली आणि पट्टी बदलून दिली.

घरी येऊन मी ती बसवली. बटण दाबलं तर पडदा काळा आणि आतून नुसती पिकपिक. मी पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिले. मिस्त्री मात्र वाकून बघत राहिले आणि म्हणाले, की डावीकडे केसभर वर आहे. वीज बंद करून मी तिथे अंगठ्यानं जोर दिला, टक् झालं, पुन्हा बटण दाबलं आणि या खेपेला पडद्यावर उजेड आला. चित्र उघडलं, बावीसच्या बावीस कप्पे. हुश्श! मला हसायला आलं आणि डोळे भरूनही आले. सगळ्यात आधी मी त्याची प्रत काढली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी चित्र चारी बाजूंनी फिरवून बघितलं. लहान मुलांचे हात पोचतील अशा उंचीवर चित्रांची पुस्तकं ठेवायची सोय त्यांना फार आवडली. त्या मिस्त्रींकडे वळल्या. "किती विचार केलाय हो तुम्ही."

"विचार हिचा आहे," मिस्त्री म्हणाले. "चित्रही हिचंच. काही बदलायचं तर हिला विचारा, ही सांगेल तिथे मी कापतो."

बाईंनी आपली खुर्ची माझ्याकडे ओढली आणि काम कधी सुरू कराल, ते मला विचारलं.