फिरत्या ड्रममधली कॉफी

कपडे धुण्याची यंत्रं मी आयुष्यभर वठणीवर आणत आलोय. त्यामुळे लेक म्हणाली, "बाबा, कॉफी भाजायचं यंत्र आपल्याला परवडणार नाही," तेव्हा मी उसळलोच. "विकत कशाला? बाप मेलाय का?"

भंगारातल्या एका लहान यंत्राचा जाळीचा स्टील ड्रम उचलला. आरपार सळई घातली, अंगणातल्या झाकणाच्या गॅस ग्रिलला दोन्ही बाजूंनी भोकं पाडून ती बसवली आणि बाहेरून पट्टा-पुलीने मोटर जोडली. आवाज पंख्याइतकाही नाही! बायको म्हणाली, "स्वतःची पाठ थोपटून झाली असेल तर ग्रिल पेटवा."

संध्याकाळी बेकरीवाल्या बाई चव घ्यायला येणार होत्या. पसंत पडली तर लेकीची कॉफी त्यांच्या दुकानात, नाहीतर लेक पुन्हा त्या नावडत्या कॉल सेंटरात.

कॉफीचे निम्मे कच्चे दाणे ड्रममध्ये ओतले. थोड्याच वेळात जळका धूर आला. झाकण उघडलं तर दाणे ड्रमला चिकटून बसलेले, एका अंगाने कोळसा, दुसऱ्या अंगाने कच्चे.

"बाबा, वेग किती ठेवलात?"

"नेहमीचाच."

"म्हणजे कपडे पिळायचा? अहो, दाणे भाजायचेत, वाळवायचे नाहीत!"

बायको हसून हसून बेजार. मी रागाने लालबुंद. पण पोरीचं खरं होतं. मुकाट्याने ड्रमची लहान पुली काढून मोठी बसवली. आता ड्रम सावकाश फिरू लागला आणि उरलेले दाणे वर चढून खळखळ खाली पडू लागले.

लेक कान देऊन उभी राहिली. माझ्या यंत्राच्या बटणाला मी कुणालाही हात लावू देत नाही. आज बाजूला झालो. आत दाणे टकटक तडकायला लागले. ती थांबली, वास घेतला, अजून थोडं थांबली. माझा जीव टांगणीला. मग तिने गॅस बंद केला आणि दाणे परातीत ओतले. सगळे एकसारखे तपकिरी.

बेकरीवाल्या बाईंनी कप रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला. "उद्यापासून दुकानात पाठवा," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "पोरीला तुम्हीच शिकवलंत वाटतं?"

सळईपासून पुलीपर्यंत सगळं माझ्या जिभेच्या टोकावर तयार होतं.

"छे हो," मी म्हणालो, "तिने मला शिकवलं."

या वेळी माझी पाठ बायकोने थोपटली.