तिवईचे पाय

चांगल्या सागवानी तिवईचे पाय कापून टाकणाऱ्या बाईवर भरवसा कसा ठेवायचा, हा भूरीबाईचा पहिला सवाल होता. तिवई दिलेली भूरीबाईनंच. जोडीतली एक होती, सासऱ्यानं सुरतेहून आणलेली. माठ ठेवायला म्हणून दिली, आणि चौथ्या दिवशी रंजनाबाईनं सुकलाल सुताराला बोलावून तिचे तिन्ही पाय वीतभर ठेवले, बाकी उडवले. आता माठ जमिनीला टेकल्यासारखा बसला होता. कुत्र्यानं तोंड घालावं इतका खाली.

"पोरांचा हात पोचला पाहिजे, आजी," रंजनाबाई म्हणाली होती.

"पोरांचा हात पोचू नये म्हणूनच तर माठ उंचावर ठेवतात," भूरीबाई म्हणाली होती. पण पाय कापून झाले होते. कापलेले तुकडे सुकलाल घेऊन गेला, तेही विचारल्यावाचून.

हे बालमंदिर भूरीबाईच्या ओसरीवर भरत होतं. लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, साखर मिळत नव्हती, आणि अशात कुठूनशी ही तिशीच्या आतली बाई धानोऱ्यात आली. गुजरातकडे शिकून आलेली. तीन ते पाच वर्षांची पोरं गोळा करून त्यांना गाणी म्हणायला लावणार, म्हणे. भूरीबाईच्या मुलानं, धर्मचंदनं, आईला गळ घातली आणि आईनं ओसरी दिली. ओसरीची किल्ली मात्र स्वतःच्या कमरेलाच ठेवली. नात लाडकंवरला त्यात घातली तीसुद्धा एवढ्यासाठी, की घरचं एक माणूस आत असावं. माणूस चार वर्षांचं होतं, पण घरचं होतं.

चैत्र लागला आणि लाडकंवरला उन्हाळी लागली. लघवीला बसली की ओरडायची. ओठ सुकून फुटले. दुपारी घरी आली की परिंड्याखाली, पाण्याच्या घागरींच्या ओट्याखाली, उकिडवी बसायची, हनुवटीखाली ओंजळ धरायची आणि आई तांब्यानं वरून धार सोडी तशी गटागटा प्यायची, मध्ये श्वासही न घेता. सून रूपकंवर घाबरून म्हणाली, "सासूजी, ही तिकडं पाणी पीत नाही वाटतं."

"बीनणी, तिकडं देत नसतील," भूरीबाई म्हणाली.

नातीला मांडीवर घेऊन तिनं विचारलं, "पाणी प्यायलीस का गं, लाडू?"

पोरीनं मान हलवली. नाही.

"बाई देत नाही?"

पुन्हा नाही.

झालं. संशयाला आणखी काय लागतं. तरी भूरीबाई एकीकडचं ऐकून बोलणारी नव्हती. संध्याकाळी ओट्यावर तिनं शेजारच्या धनुबाईला धरलं. धनुबाई पाटलांच्या भाऊबंदातली, शंभर बिघ्यांची मालकीण, आणि तिचा नातू भटू त्याच ओसरीवर जात होता.

"तुन्हा भटू तठे पाणी पेस का?"

"पेस ना. पेटमा पाणी डुबडुब वाजस त्यान्हा. घर येतायेता दोनदा भितकडे मुताले बठस."

म्हणजे भटूला मिळतं. लाडूला मिळत नाही. भूरीबाईनं रात्रभर त्याचा धागा ओढला आणि सकाळी तो झोक्यापाशी निघाला. फाल्गुनात रंजनाबाईनं विचारलं होतं, ओसरीच्या सऱ्याला, वरच्या आडव्या तुळईला, पोरांसाठी झोका बांधू का. भूरीबाई म्हणाली होती, सरा घराचा आहे, जत्रेचा नाही. बाई हसली होती. तेव्हाच ते हसू भूरीबाईला आवडलं नव्हतं. झोक्याचा राग बाईनं पोरीवर काढला. चार वर्षांच्या पोरीवर, चैत्रात, पाण्यावर.

भूरीबाईच्या घरी पाण्याला शिस्त होती. बारा वर्षांच्या आतलं मूल परिंड्याला हात लावत नसे. पाणी दुहेरी गळण्यातून गाळायचं, गळणं गाळलेल्या पाण्यानंच धुवायचं, आणि ते धुवण, त्यातल्या जिवांसकट, ज्या विहिरीचं त्याच विहिरीत हलकेच परत सोडायचं. त्या धुवणाला ते जीवाणी म्हणत. पस्तीस वर्षं त्या घरात एकही दिवस जीवाणी चुकली नव्हती. गेल्या दिवाळीत लाडकंवरनं खेळता खेळता घागरीत हात घातला, तेव्हा भूरीबाईनं पळीचा एक फटका तिच्या मनगटावर दिला होता. एकच. त्यानंतर पोरगी घागरीकडे बघतानाही हात पाठीमागे धरी, आणि भूरीबाई पाहुण्यांना ते अभिमानानं दाखवी.

अशा घरातल्या पोरीला कुणी तहानेनं मारावं, हे सोसण्यासारखं नव्हतं. भूरीबाईनं ठरवलं, उद्या आपल्या डोळ्यांनी बघायचं, आणि बघून झालं की ओसरीला कुलूप.

ओसरीला लागून वखार होती. मधल्या दाराच्या फळ्या सुकून फटी पडल्या होत्या. सकाळी पोरं जमायच्या आधी भूरीबाई ज्वारीच्या दोन पोत्यांमध्ये जाऊन बसली. नाकात भुसा गेला. शिंक पदरात दाबली.

रंजनाबाई आली. तिनं माठ धुतला, घागरीतलं पाणी गाळून ओतलं. गळणं एकेरी होतं. भूरीबाईनं ते मनात टाचून ठेवलं. माठाशेजारी लांब दांड्याचं ओगराळं, एका फळीवर छोटे पितळी पेले पालथे, आणि खाली एक फडकं. मग पोरं आली. गाणं झालं, खडे मांडून झाले. उन्ह ओसरीच्या कडेला आलं तशी एकेक पोर उठून माठाकडे जायला लागली. कुणी कुणाला विचारेना. ओगराळं बुडवायचं, पेल्यात ओतायचं, प्यायचं, पेला पालथा घालायचा. भटूनं अर्धं पायावर सांडलं, आणि आपणहून फडक्यानं पुसलं. जागल्या दलसिंगची पोर आली, तीही प्यायली, त्याच माठातलं. त्या घरच्या हातचं पाणी भूरीबाईकडे चालत नसे. पण आज ती दुसऱ्याच कामाला बसली होती.

वखारीच्या मागच्या दारातून धनुबाई डोकावली. पोत्यांमधून लुगड्याचा काठ दिसत होता.

"भूरीबाई, काय करी ऱ्हायनी तू आठे?"

"उंदीर शे."

"इतला मोठा?"

"जाय तू," भूरीबाई दबक्या आवाजात म्हणाली, आणि धनुबाई तोंडाला पदर लावून तिथंच उभी राहिली, कारण असलं काही सोडून जाणारी ती नव्हती.

इतक्यात लाडकंवर उठली. माठापाशी गेली. माठाला न शिवता, हातभर अंतर ठेवून उकिडवी बसली. हनुवटीखाली ओंजळ धरली आणि मान वर केली.

आणि थांबली.

शेजारून एक पोर पिऊन गेली, दुसरी पिऊन गेली. लाडकंवर ओंजळ धरून बसलेली. रंजनाबाई समोर खडे गोळा करत होती. तिनं वर पाहिलं. पोरीला पाहिलं, ओंजळ पाहिली. भूरीबाईला फटीतून तिचा चेहरा स्वच्छ दिसला. बाई अर्धी उठली, थांबली, पुन्हा खाली बसली, आणि तिनं तोंड फिरवलं.

पोरीनं कोरडे तळवे परकराला पुसले आणि जागेवर जाऊन बसली.

वखारीचं दार धाडकन उघडलं. भूरीबाईच्या केसांत भुसा होता आणि हातात किल्ली.

"पाहिलंस. पाहून तोंड फिरवलंस," ती म्हणाली. "आता खोटं बोलू नकोस, मी फटीला डोळा लावून बसले होते."

रंजनाबाई उभी राहिली. रंग उडाला होता, पण आवाज सरळ होता. "पाहिलं. सहा दिवस पाहतेय, आजी."

"मग पाणी का नाही घातलंस? झोक्यासाठी?"

"कुठला झोका?" बाईला खरंच आठवेना. मग म्हणाली, "पहिल्या दिवशी तुम्ही इथंच उभ्या राहून विचारलंत, पाणी कुठल्या विहिरीचं, भरलं कुणी, गाळलं कुणी. आणि म्हणालात, आमच्या घरचं माणूस दुसऱ्याच्या हातचं पाणी पीत नाही. सगळ्यांसमोर म्हणालात. ही माठाला हात लावेना, मला वाटलं घरून बजावलंय. तुमच्यातले नेम मला ठाऊक नाहीत. मी पाजलं आणि ते तुम्हाला कळलं तर ओसरी जाईल. वीस पोरं उन्हात बसवायची मी?"

धनुबाई दारातून म्हणाली, "बोलनी व्हती तू. मी आयकं व्हतं."

बोलली होती. भूरीबाईला ते शब्द आठवले, आणि ते बोलताना पाच-सहा जणी ऐकताहेत म्हणून आवाज किती चढवला होता, तेही आठवलं. नेम मोठ्यांचा होता. पोरीसाठी तिनं कधीच सांगितला नव्हता. पण पोरीला तो लागू नाही, हेही कुणाला सांगितलं नव्हतं.

ती नातीकडे वळली. "लाडू, सगळी घेतात. तू का नाही गं घेतलंस?"

लाडकंवरनं दोन्ही हात पाठीमागे धरले. "मार बसतो," ती म्हणाली. कुरकुर नव्हती त्यात. घरातली एक रीत सांगावी तसं तिनं सांगितलं.

भूरीबाईनं कमरेला किल्ली खोचली. मग माठाजवळ जाऊन, गुडघ्यावर हात टेकत, कष्टानं खाली बसली. कापलेल्या तिवईपुढं तिचं डोकं पोरीच्या डोक्याच्या बरोबरीला आलं.

"घे," ती म्हणाली.

पोरगी हलेना. तिची नजर आजीच्या उजव्या हातावर होती. भूरीबाईला ते कळलं. तिनं आपले दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक धरले.

लाडकंवरनं ओगराळं उचललं. पेला भरला, बराचसा सांडला, प्यायली. पुन्हा भरला. तिसऱ्या पेल्याला थांबून आजीकडे पाहिलं, आणि तोही प्यायली. मग फडकं घेऊन ओलं पुसू लागली. फार वेळ पुसत होती.

भूरीबाईला उठवायला रंजनाबाईनं हात पुढं केला. भूरीबाईनं तो घेतला नाही. खांबाला धरून स्वतःच उठली, भुसा झटकला, आणि सगळ्या ओसरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऐक, मास्तरीण. पोरीला पळी मी मारली, ते माझं मी निस्तरीन. पण तहानलेलं पोर समोर ओंजळ धरून बसलं आणि तू एका म्हातारीला भिऊन तोंड फिरवलंस, ते तुझं. पुन्हा असं वाटलं तर घरात ये आणि माझ्या तोंडावर विचार. मी चार शिव्या देईन, पण उत्तर देईन. उद्यापासून गळणं माझं, दुहेरी, आणि जीवाणी त्याच विहिरीत जाईल, त्यात तू बोलायचं नाही. कुणाच्या पेल्यानं कोण प्यायलं, ते मला फटीतून नीट दिसलं नाही. ओसरी तुझ्याकडेच राहील. आणि त्या सुकलालला दुपारी करवत घेऊन माझ्याकडं पाठव. जोडीतली दुसरी तिवई घरात आहे, तिचेही पाय कापायचेत. पण या खेपेला तुकडे मला परत पाहिजेत."