सोजराबाईचं दुखणं

२००७ सालच्या माघात, बसवकल्याणजवळच्या एका गावात, सोजराबाई अंगणात तूर पाखडत होती. चार सुपं झाली आणि ती भिंतीला टेकून बसली. वर्षभर असंच चाललं होतं. उजव्या कुशीत दुखे, धाप लागे. तिनं दोनदा सांगून पाहिलं होतं.

पहिल्यांदा नवऱ्याला, काशप्पाला. तो म्हणाला, “बायांच्या अंगात रगत कमीच अस्तंय.” दुसऱ्यांदा बीदरला नर्स असलेल्या लेकीला, तेजश्रीला, फोनवर. वॉर्डात गडबड होती. ती म्हणाली, “माय, लोहाच्या गोळ्या खा.”

त्याच घरात मागच्या साली धाकट्या दिराला, विरुपाक्षला, शौचातून रक्त पडलं होतं. आठ दिवसांच्या आत भावकीतल्या चौघांनी त्याला सोलापूरला नेलं. आतड्याचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं. आता तो शेतात जात होता.

उगादीला तेजश्री घरी आली. भाकरी थापता थापता माय चुलीपुढं कलंडली. तेजश्रीनं तिची पापणी खाली ओढून पाहिली. आत पांढरंफटक होतं.

सोलापूरचे डॉक्टर शांतपणे बोलले. “मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ आहे. बायकांत त्या बाजूची जास्त आढळते. रक्त डोळ्यांना दिसत नाही, आतल्या आत झिरपतं. बाईच्या शरीरात ही गाठ पुरुषापेक्षा वेगळ्या रीतीनं वाढते, ते का, हे आम्हालाही पुरतं उमगलेलं नाही. पण आता ती यकृतात पोचली आहे.”

“ती कधी बोललीच न्हाई, साहेब,” काशप्पा म्हणाला.

खाटेवरची सोजराबाई पंख्याकडं बघत राहिली. तेजश्री रिपोर्टांच्या घड्या घालत राहिली.

मृगात सोजराबाई गेली. दहाव्याला जेवणाच्या पंगतीत बायका म्हणत होत्या, “भाग्याची. एवढं दुखणं, पर हूं न्हाई की चूं न्हाई. कुंकवासकट गेली.”

तेजश्री पत्रावळी मांडत होती. तिला अजून रडू आलं नव्हतं. ती थांबली.

“माय बोलली व्हती. अप्पांना बोलली, मला बी बोलली. म्या नर्स असून गोळ्या खा म्हनले.”

“आज हे कामून काढायलीस?” काशप्पा पुटपुटला.

“तुमच्यातल्या कुनाला काय दुखायलंय ते आजच सांगा,” ती बायकांना म्हणाली. “म्या लिहून घेते. उद्या संगट बीदरला नेते.”

कुणी घास उचलला नाही. विरुपाक्षची बायको गौरम्मा वाढायला उभी होती. तिनं वरणाचं पातेलं खाली ठेवलं आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाली,

“माझं लिही. दोन वर्सं झाली.”