कोड आला का?

सकाळचे अकरासुद्धा वाजले नव्हते आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता. बंदरातल्या कामगारांचा संप होणार, अशी बातमी पहाटे आली. चहा होईपर्यंत संप पुढे ढकलला. मी ऑफिसचं शटर वर करतो ना करतो तोच अर्धा संप होणार असं कळलं. अर्धा संप म्हणजे काय, हे बातमी देणाऱ्यालाही माहीत नसावं. पण लोकांना वाटतं, ट्रॅव्हल एजंटला सगळं माहीत असतं. एका बाईंनी फोन करून विचारलं, "अर्धा संप म्हणजे बोट अर्ध्या वाटेत थांबणार का हो?" मी म्हटलं, "बाई, थांबली तर तुम्ही मला फोन करा, मी पोहत येतो." त्यांना राग आला. येऊ दे! रोज उठून कुणाकुणाचे राग सांभाळायचे?

त्यात त्या पक्ष्यांच्या बेटाची भानगड. पुढच्या वर्षीपासून त्या बेटावर प्रवाशांना बंदी, अशी बातमी आठवड्यापूर्वी आली होती. झालं! ज्यांना आपल्या खिडकीत बसणारा पक्षी कोणता ते सांगता येत नाही, त्यांना अचानक त्या बेटावरचे पक्षी बघितल्याशिवाय मरण येईना. बेटावर जाणारी बोट एकच, आणि या मोसमातली तिची शेवटची फेरी होती. सगळ्या गावाला तीच फेरी हवी होती.

सगळ्यात आधी हवी होती ती आमच्या चष्मेवाल्यांना. आमच्या समोरच्या फुटपाथवर त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, आणि त्यांच्या संघटनेची दरवर्षीची सहल माझ्यामार्फत जाते. म्हणजे गिऱ्हाईक वजनदार. पण या माणसाला काही ठरवता येत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना "हे स्पष्ट दिसतं की हे?" असं विचारून विचारून त्यांचं स्वतःचं काहीच स्पष्ट राहिलेलं नाही. दोन जागा हव्यात हे पक्कं. पण कोण जाणार? ते आणि बायको, की ते आणि मेहुणा, की बायको आणि तिची बहीण? रोज नवा घोळ. शेवटी मी म्हटलं, "तुम्ही सावकाश भांडा, मी दोन जागा धरून ठेवतो."

आता जागा धरणं म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गिऱ्हाइकाचं ठरेपर्यंत जागा उडून जातात, म्हणून आम्ही एजंट लोक त्या आधीच अडवून ठेवतो. पण कॉम्प्युटर नावाशिवाय जागा देत नाही. मग नाव घालायचं कुणाचं? मी माझं आणि बायकोचं घालतो. दोघांचे पासपोर्ट नंबर मला तोंडपाठ आहेत, हेच एक कारण. गिऱ्हाइकाचं ठरलं की आमची नावं काढायची आणि त्यांची घालायची. सगळेच असं करतात. आमच्या पलीकडच्या गल्लीतला एजंट तर सासूच्या नावाने जागा धरतो.

पूर्वी हे सुखाने चालायचं. मग कुठल्या शहाण्याच्या डोक्यातून निघालं कोण जाणे, प्रत्येक प्रवाशाच्या स्वतःच्या फोनवर कोड यायला लागला. जागा धरताना एक आणि सोडताना एक. तेव्हापासून मी दिवसातून दोन-चार वेळा बायकोला फोन करतो आणि विचारतो, "कोड आला का?" ती एका लॅबच्या काउंटरवर बसते. एका हाताने लोकांच्या नमुन्यांच्या बाटल्या घेते आणि दुसऱ्या हातात फोन धरून मला आकडे वाचून दाखवते. सावकाश, दोनदा. तिने वाचलेला आकडा आजवर कधी चुकला नाही.

कागदोपत्री बघाल तर आमच्या हिने बर्फाचे डोंगर, वाळवंट, लांबलचक पूल, काही म्हणून सोडलेलं नाही. प्रत्यक्षात आम्ही दोघं लग्नापासून इथेच. मोसम असला की मला हलता येत नाही, आणि मोसम संपला की जाण्यासारखं काही उघडं नसतं. मध्ये एकदा ती म्हणाली होती, "तुम्ही नुसते वाटाड्याच राहणार का हो?" मी म्हटलं होतं, "बघू." आमच्याकडे 'बघू' म्हणजे विषय संपला.

तर त्या आठवड्यात घरात काहीतरी विचित्र चाललं होतं आणि मला त्याचा थांगपत्ता लागत नव्हता. एका संध्याकाळी बघतो तर बायको साडी नेसून, पायात जाड तळाचे नवेकोरे बूट घालून वाळत घातलेले कपडे काढतेय.

"हे काय गं?" मी म्हटलं.

"सवय करतेय. नवे बूट चावतात."

"पण कशाला?"

ती नुसती हसली. मला वाटलं, डॉक्टरने चालायला सांगितलं असेल. विचारायला जावं तर फोन वाजला आणि मी एका गिऱ्हाइकाच्या घोळात अडकलो.

दुसऱ्या दिवशी जिन्यात शेजारच्या मावशी भेटल्या. म्हणाल्या, "झाडांची काळजी करू नका, मी घालीन पाणी." मी आभार मानले. बाई भली आहे, उगाच कशाला नाही म्हणा? मग मेहुणीचा फोन आला. "भाऊजी, आमच्यासाठी काही आणत बसू नका हं, उगाच ओझं होतं." मी म्हटलं, "नाही आणत." फोन ठेवला आणि विचार करत बसलो. मी काय आणणार होतो? कुठून आणणार होतो? हिच्या घरची सगळी माणसं एकाच वेळी वेडी झाली, की मलाच काही झालंय?

तुमच्या एव्हाना लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं. दिवसाला शंभर मेसेज येतात मला, मी वाचतो कुठे?

तर त्या अर्ध्या संपाच्या दिवशी दुपारी चष्मेवाले आले आणि खुर्चीत बसले. "ठरलं," म्हणाले. "मी आणि मेहुणा. घाला नावं."

मी मनात म्हटलं, सुटलो एकदाचा. कॉम्प्युटर उघडला. आमच्या दोघांच्या नावांपुढे रोज 'राखीव' असतं, तिथे 'पक्कं' लिहिलं होतं. नाव बदलायचं बटणच गायब. मी बंद करून पुन्हा उघडलं. तेच. चष्मेवाले मान वाकडी करून पडद्यात बघायला लागले.

"काय झालं?"

"काही नाही, कॉम्प्युटर जरा दमलाय," मी म्हटलं आणि बोट-कंपनीला फोन लावला.

कंपनीतल्या बाईने जे सांगितलं ते मला तिसऱ्यांदा ऐकल्यावर समजलं. बेटाच्या बातमीनंतर जागांचा काळाबाजार नको, म्हणून कंपनीने चार दिवसांपूर्वी नियम बदलला होता. राखीव असलेल्या सगळ्या जागा ज्यांच्या नावावर होत्या त्यांच्याच नावे पक्क्या केल्या, आणि पैसे कंपनीकडे असलेल्या एजंटच्या ठेवीतून वळते केले. नाव बदलणं बंद.

"अहो पण आम्ही जाणार नाही आहोत!" मी ओरडलो.

"मग तुम्ही नावं का घातलीत?" बाई म्हणाली.

मी विनवण्या केल्या, माझ्या जुन्या धंद्याचे दाखले दिले, थोडा आवाजही चढवला. शेवटी ती म्हणाली, "एकदाच सवलत देते. पाचपर्यंत. मात्र दोन्ही प्रवाशांच्या फोनवर जागा सोडण्याचा कोड येईल, तो मला सांगायचा. दोन्ही कोड मिळाल्याशिवाय एकही जागा सुटणार नाही. आणि पक्कं झाल्याचा मेसेज दोघांना तेव्हाच गेला होता. तुम्ही बघितला नाहीत?"

दोघांना. म्हणजे हिलासुद्धा!

बूट. झाडांना पाणी. "आमच्यासाठी काही आणू नका." डोक्यात एकेक दिवा लागत गेला. या बाईने लॅबमध्ये रजासुद्धा टाकली असणार. सगळ्यांना सांगितलं होतं, एका मलाच नाही. नवऱ्याने गुपचूप बेत केलाय, त्याची गंमत जायला नको म्हणून!

"अहो, लवकर करा की," चष्मेवाले म्हणाले. "मेहुणा दुकानात खोळंबलाय."

मी काय करायला हवं होतं ते तुम्हीच सांगा. समोर बसलेला माणूस बरोबर होता. जागा त्याच्यासाठी धरल्या होत्या, शब्द मी दिला होता, आणि त्याच्या संघटनेच्या सहलीवर माझं अर्धं वर्ष चालतं. जागा बायकोची नव्हतीच मुळी. ती चुकून पक्की झाली होती. असं मी स्वतःला पटवलं. माझा कोड आला, तो मी बाईला सांगितला. मग बाईला एका फोनवर थांबवून दुसऱ्या फोनवरून हिला लावला, आणि दुसरं काही सुचेना म्हणून नेहमीचंच विचारलं.

"कोड आला का?"

एरवी लगेच आकडे सुरू होतात. या वेळी पलीकडे नुसता लॅबचा गलबला. कुणीतरी रिपोर्ट मागत होतं.

"आलाय," ती म्हणाली. "पण हा सोडायचा आहे."

"हो."

"बेटाचा."

"हो."

"बरं. घ्या लिहून." आणि तिने आकडे वाचले. सावकाश, दोनदा. मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "मला वाटलंच होतं हो, चुकून आलं असणार म्हणून. न सांगता असं काही करणाऱ्यातले तुम्ही नाहीच. पण आजवर नुसते कोडच यायचे. पक्कं झाल्याचं हे पहिल्यांदाच आलं. म्हटलं, कळेल तेव्हा कळेल, तोवर बूट तरी घालून बघू." मग कुणाला तरी म्हणाली, "नाव लिहिलंय का बाटलीवर?" आणि मला म्हणाली, "ठेवते. रांग आहे."

मी पेन हातात धरून बसलो होतो. समोरचा कागद कोरा होता. आकडे मी लिहिलेच नव्हते. खरंच सांगतो, मी ठरवून काही केलं नाही, हातच हलला नाही.

"हं, सांगा कोड," दुसऱ्या फोनवरची बाई म्हणाली.

"आला नाही," मी म्हटलं.

"परत पाठवू?"

"नको. तिचा फोन बंद आहे."

चष्मेवाले खुर्चीतून उठलेच. "अहो, आत्ता तर बोललात! माझ्या डोळ्यांदेखत बोललात!"

"ती बायको होती," मी म्हटलं. "हा प्रवाशाचा फोन."

हे मी काय बोललो ते मला आजही कळलेलं नाही. त्यांनाही कळलं नाही. पण बाईने फोन ठेवला होता. मग चष्मेवाले जे बोलले ते मी मान खाली घालून ऐकून घेतलं, कारण त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. संघटनेची सहल या वर्षीपासून पलीकडच्या गल्लीतून जाईल, असं सांगून ते गेले. म्हणजे सासूच्या नावाने जागा धरणाऱ्याकडे. मी त्यांना थांबवलं नाही. काय म्हणून थांबवणार?

संध्याकाळी घरी गेलो तर बूट दारात नव्हते. खोक्यात भरून, वर पावती ठेवून, खोकं टेबलावर ठेवलं होतं. परत करायला. ही स्वयंपाकघरात होती. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. त्याचाच जास्त त्रास झाला.

"जायचंय," मी म्हटलं.

"कुठे? आत्ता?"

"बेटावर. आपण दोघं."

ती हात पुसत बाहेर आली. "कोड तर दिला मी."

"मी लिहिलाच नाही."

"म्हणजे? मग परत सांगू का?" आणि सवयीने फोन उचलून शोधायलासुद्धा लागली. आता या बाईला काय म्हणावं! मी ओरडलो, "अगं, नको सांगूस! तेच सांगतोय मी!"

मग सगळं सांगितलं. चष्मेवाले, मेहुणा, सहल गेली ते, सगळं. तिने दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. शेवटी ती खुर्चीत बसली. "बोटीत खूप हलतं का हो?" तिने विचारलं. "खोलीची खिडकी उघडते का? पक्षी लांबूनच दाखवतात की जवळ नेतात?" याच प्रश्नांना मी आजवर शेकडो गिऱ्हाइकांना फाडफाड उत्तरं दिली आहेत. एवढी वर्षं काय सांगत होतो देव जाणे.

"मला माहीत नाही गं," मी म्हटलं. "मी कधी गेलोय?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. बंदरातला संप आता पूर्ण होणार की काय, अशी नवी बातमी होती. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि स्वतःचा फोन हातात घेतला.

"उद्या संपाचं निमित्त करून तुम्ही परत कोड मागाल," ती म्हणाली.

"नाही मागणार."

"मागाल. तुमचा काही भरवसा नाही. आणि मी देईन, मला सवय आहे."

तिने खोकं उघडलं, बूट बाहेर काढले आणि फोन बंद करून खोक्यात ठेवला. "निघेपर्यंत बंदच राहू दे," म्हणाली, आणि बूट पायात घालून स्वयंपाकघरात गेली.