शेठ आणि मिरची

राळ्याचं एक टरफल घामानं तिच्या मनगटाला चिकटलं होतं, ते झटकायला तिनं हात हलवला आणि तेवढ्यात पिंजऱ्यातल्या मिरचीनं डाव साधून तिच्या करंगळीला चोच मारली. इतकी वर्षं हिचं दाणापाणी करते मी, आणि ही... रक्त आलं नाही. मिरचीचं चावणं तिच्या अंगासारखंच इवलंसं. झोंबतं मात्र बराच वेळ.

"शेठ उठला का गं?" बाबांनी आरामखुर्चीतून विचारलं.

उठला होता. शेजारच्या ऐसपैस पिंजऱ्यात, दांडीच्या मधोमध, मान खांद्यांत रोवून बसला होता. धाकट्या बहिणीनं मागच्या भेटीत आणलेला हा बजी, छोट्या पोपटासारखा पक्षी. प्रदर्शनात मांडतात त्या जातीचा, मिरचीच्या दीडपट, करडा-निळा, कपाळावरची पिसं डोळ्यांवर उतरलेली, त्यामुळे सदा कसल्यातरी विचारात असल्यासारखा. मिरची साधी, कुठल्याही बाजारात मिळते तशी, हिरवी, शिडशिडीत. एक क्षण झोक्यावर, दुसऱ्या क्षणी जाळीला उलटी लटकलेली, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. "गप्प बस गं जरा," बाबा दिवसातून दहादा तिला दटावतात. पक्षीवाला म्हणाला होता, "मोठे असतात ना ताई, ते थंड डोक्याचे. बोटावर बसवा, बसून राहतील. ह्या लहान जातीत रानाचं रक्त जास्त. हिला उडायला जागा पाहिजे. स्वभाव आहे तो तिचा, खोड नव्हे." तिनं मान डोलावली होती – आणि का कोण जाणे, ते शेवटचं वाक्य त्याला पुन्हा म्हणायला लावलं होतं.

तिनं शेठला बाबांच्या बोटावर दिलं. सारा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेलं ते बोट आता थरथरतं. केसाएवढी स्प्रिंग बसवणाऱ्या हातात चहाचा कपही ठरत नाही. पण त्या थरथरत्या बोटावर शेठ असा बसतो, की जणू फांद्या अशाच असतात.

"किती समजूतदार आहे बघ," बाबा म्हणाले.

समजूतदार. हा शब्द या घरात आधीपासून धाकटीच्या नावावर होता. लहानपणी डॉक्टरांनी सुई काढली की धाकटी मुकाट्यानं दंड पुढे करायची. थोरलीनं, हिनं, एकदा डॉक्टरांचा अंगठाच चावला होता. आल्या-गेल्याला बाबा तो किस्सा सांगत, हसत, आणि सांगता सांगता हात मात्र धाकटीच्या पाठीवरून फिरत असे... बाबा न्हाणीत घसरून पडले तेव्हा त्यांना उचललं कुणी? रोज आंघोळ कोण घालतं, नखं कोण कापतं? कापताना चिडते मी, हो, बोलतेही – पण कापते. धाकटी दोन दिवस येते, हात हातात घेऊन बसते, ऐकून घेते. खस्ता खायच्या एकीनं आणि कौतुक दुसरीचं.

थोरली कवळ्या बनवते. दहा जणांच्या त्या कामाच्या जागी मेणाचा आणि जळत्या स्पिरिटचा वास असतो. लोकांना दात द्यायचे आणि बहिणीवर दात धरायचा, असं ती स्वतःशीच म्हणते कधी कधी, आणि हसू येत नाही. त्या सकाळी ती मेणात पुढचा दात बसवत होती, तेव्हा धाकटीचा फोन आला.

"ताई, काल बाबांशी बोलले मी. पुढच्या आठवड्यात त्यांना माझ्याकडे घेऊन जाते. राहू देत थोडे महिने. तुलाही जरा मोकळं वाटेल."

"बाबा काय म्हणाले?"

"हो म्हणाले की! फक्त शेठ बरोबर हवा म्हणाले. मिरची नको, प्रवासात सगळ्यांचा जीव खाईल म्हणे."

"बरोबर आहे."

"रागावलीस?"

"कामात आहे मी."

खाली पाहिलं तर दात तिरका रुतला होता.

दुपारी ती बाबांना जेवायला वाढायला घरी आली. ते खुर्चीतच झोपले होते, तोंड किंचित उघडं. सकाळी मला याबद्दल एक शब्द नाही... मुलीचं ओझं हलकं करतोय असं वाटलं असेल त्यांना, की – की फक्त बरं वाटलं असेल? तिनं खिडकी उघडली. शेठच्या पिंजऱ्याचं दार उघडलं. दार नीट लागलं नव्हतं वाटतं, बाबा. वाक्य तयार होतं, आवाजही. मिरचीनं वाऱ्याची चाहूल लागताच आकाशपाताळ एक केलं. जाळीवर आदळू लागली. शेठनं फक्त मान वळवली.

"जा ना," ती पुटपुटली, आणि त्याला बाहेर ढकलायला हात आत घातला.

तो बोटावर चढला.

हातात अंडं घ्यावं तेवढं वजन, तेवढीच ऊब. ती त्याला खिडकीशी घेऊन गेली. वाऱ्यानं त्याची पिसं विस्कटली, समोर सगळं आभाळ होतं, आणि तो अंग फुगवून, चोचीचा वरचा भाग खालच्यावर हळूहळू घाशीत, डोळे मिटून घेत होता. हा कुणाच्याही बोटावर बसेल. बाबांच्या, धाकटीच्या, रस्त्यावरच्या माणसाच्या... निवडत नाही हा कुणाला. एवढ्याचंच का ते कौतुक? – असं म्हणताना तिचा खांदा खाली आला होता, कित्येक दिवस वर ओढून धरलेला. तिनं श्वाससुद्धा जपून घेतला, तो हलू नये म्हणून. इतकं बरं वाटतं हे? रोज सकाळी, बाबांना, इतकं?

"शेठ कुठाय?" मागून बाबांचा झोपाळलेला आवाज आला.

"झोपलाय," ती म्हणाली. खोटं नव्हतं. पण ती वळली नाही. मोकळा हात तिनं पक्ष्याभोवती धरला. वारा लागू नये म्हणून, की बाबांना दिसू नये म्हणून, ते तिला नीट कळलं नाही. खिडकी लावायला हवी होती, त्यासाठी तो हात काढायला हवा होता. आणि मागे मिरची किंचाळत होती, थांबतच नव्हती, तेच ते, तीक्ष्ण, हट्टी...

"गप्प बस गं जरा," तिच्या तोंडून निघालं – आणि तो सूर थेट बाबांचा होता.