निळ्या पेनाची ओळ

शिवणाच्या डब्यातलं पेन हातात घेतलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

पडद्याला खूण करायची होती म्हणून डबा उघडला. त्यात दोन पेनं. काळं कापडावर कायमचं उमटणारं. निळं नुसतं खुणेचं: रेघ मारा, शिवा, वरून गरम इस्त्री फिरवा, रेघ गायब. काळ्याचं वेष्टणही कुणी फोडलं नव्हतं. निळं मात्र ठणठणीत कोरडं! मी तर ते जेमतेम एकदा वापरलेलं.

म्हणजे आमच्या ह्यांनी गोधडीवरची ओळ निळ्यानं लिहिली होती.

"अहो, काय करून ठेवलंत हे!" मी फोटोकडे बघून ओरडलेच. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण आयुष्यभराची सवय, ती काय अशी सुटते?

गोधडी लेकीच्या होणाऱ्या बाळाची. तुकडे मी जोडले, मधोमध एक पांढरी पट्टी ठेवली. अर्धांगवायूनं ह्यांचा उजवा हात गेला होता, तरी हट्टानं डाव्या हातानं त्या पट्टीवर लिहिलं, 'नीज बाळा, मी जागा आहे.' लेक लहानपणी अंधाराला घाबरायची, तेव्हा दारात उभे राहून हेच म्हणायचे. गोधडी माझ्या हातात दिली आणि महिन्याभरात गेलेच. बाळाला दाखवायला त्यांच्या हातचं तेवढंच उरलं.

वरचा थर, कापूस आणि अस्तर एकत्र शिवणं माझ्या बोटांना आता झेपत नाही. लेकीनं ऑनलाइन एक बाई शोधली. तिच्याकडे खोलीभर लांबीचं मशीन, कुरियरनं गोधडी पाठवायची, ती शिवून परत पाठवते. हाताच्या अक्षरावरून दोराही फिरवते म्हणे. मी कुरकुर केली, "जिचं तोंड बघितलं नाही तिला कशी देऊ?" लेकीनं मोबाइलवरून वाचून दाखवलं, "मशीनवर चढवण्याआधी आम्ही प्रत्येक गोधडीला कडक इस्त्री करतो." यावर मीच म्हणाले होते, "मग बाई शिस्तीची दिसते."

शिस्त! आग लागो त्या शिस्तीला. सकाळीच त्या बाईचा मेसेज आला होता, 'तुमचं काम आज हाती घेते.'

मी लेकीला हाक मारली. तिनं पेन बघितलं, माझं तोंड बघितलं आणि फोन लावला. नुसती रिंग. परत लावला, परत रिंग. मेसेज टाकला, 'इस्त्री करू नका.' तो कुणी उघडून बघेना.

"चल," लेक म्हणाली. गाडीची किल्ली तिच्या हातात होतीच.

"या अवस्थेत गाडी चालवणार?"

"मग तू चालवतेस?"

कप्पाळ माझं! पोट स्टिअरिंगला टेकलेलं आणि ही बया ट्रकला मागे टाकतेय. मी एकदा म्हणायचे "हळू गं", एकदा म्हणायचे "अगं, जरा पाय दाब की". प्रत्येक लाल दिव्याला मला इस्त्रीची वाफ दिसत होती. शेवटी लेक खेकसली, "आई, एक काहीतरी सांग!" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही ती हात सोडत नव्हती.

गॅरेजमध्येच त्या बाईचं काम चालायचं. आतून मशीनचा असा खडखडाट, की फोन काय, ढोल वाजला तरी ऐकू गेला नसता. मशीनवर दुसऱ्याच कुणाची गोधडी ताणलेली होती. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात शेजारच्या टेबलाकडे लक्ष गेलं. आमची गोधडी तिथे पसरलेली, एक सुरकुती नाही. पांढरी पट्टी कोरी.

"ही तुमची का? तुम्हाला फोन करणारच होते," मशीनवाली म्हणाली. "सोबतच्या चिठ्ठीत 'अक्षरांवरून शिवा' लिहिलंय, पण अक्षरं कुठायत?"

"तुम्ही पुसलीत!" मी किंचाळले. "माझ्या माणसाचं शेवटचं अक्षर होतं ते! इस्त्री फिरवताना डोळे काय गहाण ठेवले होते?"

बिचारी पांढरीफटक पडली. ती गोधडी उलट्या बाजूनं इस्त्री करते, तिला काही दिसलंच नव्हतं. लेकीनं पेन पुढे केलं. मशीनवालीनं ते फिरवून बघितलं आणि एकदम गोधडी गोळा केली.

"काकू, ही शाई उष्णतेनं जाते, पण कडक गारठ्यात कधी कधी परत येते. कधी कधी, हं. वचन देत नाही."

स्वयंपाकघरात तिनं फ्रीझरमधली मटारची पाकिटं भराभर बाहेर काढली. गोधडी पिशवीत घालून आत कोंबली. तिनं चहा केला, तो तिघींनीही प्यायला नाही. लेक माझा हात धरून बसली होती, इतका घट्ट की बोटं दुखायला लागली.

पिशवी उघडली. पट्टी निळी झाली होती.

एक ओळ नव्हतीच ती. ओळीवर ओळ, तिच्यावर ओळ. कुठे नुसता 'नी', कोलमडलेला. कुठे 'जागा'मधला 'ज' पार पट्टीबाहेर गेलेला. एका ठिकाणी 'बाळा' गिरवून गिरवून सोडून दिलेलं. म्हणजे मी बाजारात गेले की हा माणूस डाव्या हातानं लिहायचा, डाव्याच हातानं इस्त्री फिरवायचा आणि परत लिहायचा. झटक्यानंतर सही वेडीवाकडी येते म्हणून बँकेत पाऊल न टाकणारा माणूस! मला पत्ता लागू दिला नाही. या सगळ्यावरून गेलेली, जरा ठळक, सरळ ओळ तेवढी मला दिलेली.

"बाबा..." लेक हुंदके देऊ लागली. "ताई, सगळं शिवा. एकूण एक रेघ. बाळाला कळू दे त्यांनी किती कष्ट घेतले."

मशीनवालीनं माझ्याकडे बघितलं.

मी पट्टीवरून बोट फिरवलं. प्रत्येक मोडक्या अक्षरावरून. पोटभर बघून घेतलं. मग म्हणाले, "फक्त वरची ओळ."

"अगं आई!"

"वरचीच. शिवा, मी थांबते."

तिनं मशीनवरची गोधडी उतरवली, आमचे सगळे थर ताणून बसवले आणि निळा दोरा ठळक ओळीवरून निघाला. नीज बाळा, मी जागा आहे. त्यांच्या हाताचं वळण तसंच्या तसं उमटलं. मशीन थांबलं तेव्हा दोऱ्याभोवती ती बाकीची निळी गर्दी तशीच होती. लेक ती मोबाइलमध्ये टिपायला पुढे झाली. मी पट्टीवर हात आडवा धरला.

"त्यांनी स्वतःच्या हातानं पुसलंय ते," मी तिला म्हणाले. "आपण कोण दाखवणारे?"

आणि मशीनवालीकडे वळून म्हणाले, "इस्त्री तापवा. मी फिरवते."