ठिपक्यांचा पाटा

महांतेश परळीच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो. दगड दिसला की याचं तोंड उघडलंच. लग्नानंतर बायकोसाठी, तेजश्रीसाठी, तो बाजारातून पाटा घेऊन आला. बाकीचे पाटे काळेठिक्कर, हा तेवढा पांढऱ्या ठिपक्यांचा. देखणा म्हणून त्यानं तोच उचलला.

त्या दिवशी घरी गुरू म्हणून जंगमस्वामींचं जेवण होतं, सोबत चार पाहुणेही होते. नव्या सुनेच्या हातचा पहिलाच मोठा स्वयंपाक. चटणी वाटून झाली, तसा महांतेशनं पाहुण्यांना आत बोलावून पाटा दाखवला.

"लाव्हा झटकन थंड झाला की कण बारीक राहतात. म्हणून दगड काळा, घट्ट. पण त्यात वाफेचे बुडबुडे अडकले. मग लई वर्षं पाणी झिरपलं, आन् त्या पोकळ्यांत ही पांढरी, निराळीच खनिजं वाढली."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पंगत बसली. शेंगदाण्याची चटणी तोंडात घातली आणि स्वामी थांबले. खडा काढून त्यांनी ताटाच्या कडेला ठेवला. मग शेजारच्या पाहुण्याचा दात करकरला.

"माहेरी शेंगदाणे निवडायचं बी शिकवलं न्हाई वाटतं," महांतेशची आई शिवम्मा सगळ्यांदेखत म्हणाली.

तेजश्री वाढता वाढता तिथंच उभी राहिली. महांतेशनं पाहिलं, खडा पांढरा होता. ही खनिजं मऊ, वरवंट्याखाली निखळणारच. हे तो दरवर्षी पोरांना शिकवतो. आता फक्त 'आई, चूक माझी' एवढंच म्हणायचं होतं. पण पाट्याचं कौतुक आत्ताच तर केलेलं. एवढा शिकलेला माणूस, बायकोच्या माहेराची अब्रू जाताना भाकरी मोडत बसला! लाजेनं कान तापले, तरी तोंड काही उघडलं नाही.

जेवणं उरकून सगळे गेले. तो स्वयंपाकघरात आला. सासूनं सांगितलं म्हणून तेजश्री उरलेले शेंगदाणे सुपात घेऊन निवडत होती. शेजारी धुतलेला पाटा, ठिपक्यांच्या जागी खळगे.

"खडे पाट्याचे हायत," तो पुटपुटला. "दाण्यांत काहीच नव्हतं."

"पाटा धुताना कळलं मला. तुमाला तर तवाच कळलं व्हतं. तोंड बघितलं मी तुमचं. आता बोलताल, मग बोलताल, म्हणून तिथंच उभी राहिले."

"आत्ता सांगतो आईला."

"सांगा," तिनं सूप पुढं ओढलं. "पाहुणे तर गेले."